साहेबांची गाडी आणि ब्रेकवरचा माणूस

मजगावकर साहेबांची आणि माझी पहिली भेट एका बिघडलेल्या रेडिओमुळे झाली. ट्रकवरची ड्रायव्हरकी सोडून मी तेव्हा नुकताच घरी बसलो होतो. आमच्या रेडिओतून जळका वास येऊ लागला होता आणि तो घरात पेट घेईल म्हणून मी त्याला अंगणात विहिरीजवळ ठेवला होता. शेवटी ओल्या गोणपाटात गुंडाळून मांडवीला साहेबांच्या घरी नेला. साहेब जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, आता कायमचे घरी आले आहेत आणि शेजारपाजाऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करून देतात, एवढेच मी ऐकून होतो. दारातच मी विचारले, "आत आणू का? मध्येच पेटला तर?"

दुसरे कोणी असते तर हसले असते. साहेब उठले, मागच्या दाराने बाहेर गेले, बादलीभर वाळू घेऊन आले आणि ती टेबलाजवळ ठेवून म्हणाले, "आता आणा. पेटला तर वाळू टाकू."

रेडिओ पेटला नाही. आत पालीने अंडी घातली होती, एवढेच निघाले. गोणपाट ओले का, असे मात्र साहेबांनी विचारले आणि पुढच्या खेपेला कोरडे आणायला सांगितले. पण ती वाळूची बादली मी विसरलो नाही. माझ्या भीतीला आजवर लोकांनी नावे ठेवली होती. तिच्यासाठी उठून वाळू आणणारे गृहस्थ मला पहिल्यांदाच भेटले.

साहेबांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या बोटीवरच्या नोकरीविषयी, विद्यादानाविषयी या ग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. माझे शिक्षण पाचवीत थांबले. गौरवसमितीने लेख मागितला तेव्हा मी नाही म्हटले होते. मग चिटणीस म्हणाले, "साहेबांच्या आपोआप चालणाऱ्या गाडीबद्दल तुम्हीच लिहायला हवं. गाडीत तुम्ही होतात." हे खरे आहे. गाडीत मीच होतो. दुसरे कोणी बसायला तयार नव्हते.

लिहायला घेतल्यावर वेगळीच धास्ती लागली. या हकिकतीत आमच्या तंत्रशाळेचे अध्यक्ष अण्णा येतात आणि फार डौलदारपणे येतात असे नाही. म्हणून मी आधीच त्यांच्या घरी जाऊन परवानगी मागितली. अण्णा म्हणाले, "लिही, लिही. फक्त धोतराचं नाव घेऊ नको." आतून त्यांच्या पत्नी माई म्हणाल्या, "धोतराचंच लिहा. बाकी त्यात आहे काय?" तेव्हा दोघांचाही मान राखून मी धोतराविषयी लिहिणार आहे, पण बेताने.

आमची तंत्रशाळा शहराबाहेर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर आहे. चहूकडे तांबडा जांभा, मधे शाळेच्या खोल्या आणि कुंपणाला लागून एक पत्र्याची शेड. या शेडमध्ये साहेब संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतल्या मुलांना रेडिओ, वायरिंग, मोटारी शिकवतात. कोणाकडून काही घेत नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी मुले आज मुंबईत आणि आखातात कामाला आहेत. मीही तिथे जाऊन बसू लागलो. शिकायला नव्हे. एवढ्या तारा उघड्या पडलेल्या असताना कोणीतरी मोठे माणूस तिथे असावे, असे मला वाटे.

एकदा मी साहेबांना विचारले, "एवढ्या मोठ्या जहाजाचा ड्रायव्हर झोपला तर हो?"

साहेब म्हणाले, "जहाजावर सुकाणू आपोआप धरणारं यंत्र असतं. दिशा लावून दिली की जहाज आपलं जात राहतं."

मी हादरलो. "आणि माणूस कोणीच नसतो?"

"असतो ना. एक अधिकारी खिडकीपाशी उभा असतो. चहा पीत."

"तो काय करतो?"

"बघतो."

"सगळं यंत्र करतं, तर तो बघतो कशाला?"

साहेबांनी हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाले, "समुद्रात गाय आडवी येत नाही, शिवरामभाऊ. असं यंत्र रस्त्यावर करायचं झालं तर?"

"करू नका," मी म्हटले. गाडीच्या बाबतीत मी दिलेला हा पहिला सल्ला. तो साहेबांनी मानला नाही.

मासे गोठवण्याच्या एका कारखान्याने बर्फ वाहण्याची बॅटरीवरची ट्रॉली टाकून दिली होती. ती साहेबांनी शेडमध्ये आणली. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ती जाई. तिला कितीही धुतली तरी मासळीचा वास गेला नाही, त्यामुळे सड्यावरची मांजरे गाडीभोवती मुक्कामाला आली. पुढे ट्रकच्या वायपरची मोटर सुकाणू फिरवायला बसवली. दुबईला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने कीबोर्डएवढा एक कॉम्प्युटर आणून दिला. त्याला काय करायचे ते टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटमधून शिकवावे लागे. कॅसेट लावली की रातकिड्यासारखी किरकिर चाले आणि ती संपली की कॉम्प्युटर शहाणा होई. करंट गेला की सगळे विसरे. रोज संध्याकाळी त्याला पुन्हा पहिलीपासून सुरुवात.

आता प्रश्न आला की गाडीला दिसणार कसे. साहेबांची पद्धत अशी की कोणतीही वस्तू घेण्याआधी ती काय करू शकत नाही हे आधी पाहायचे. मी म्हटले, "जहाजावरचं रडार बसवा." साहेब म्हणाले, "रडारला दूरचं दिसतं, जवळचं दिसत नाही. मोठ्या लोकांसारखं आहे ते." मी म्हटले, "मग टीव्हीचा कॅमेरा?" साहेब म्हणाले, "चित्र येईल. पण चित्रात काय आहे हे ह्या कॉम्प्युटरला उमगेपर्यंत गाडी भाट्याच्या खाडीत गेलेली असेल."

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. गाडीच्या पुढच्या तळाशी उजेड ओळखणाऱ्या काचेच्या दोन चकत्या. त्या गाडीचे डोळे. तांबड्या जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ ओढायची आणि पांढरे ज्या बाजूला दिसेल त्या बाजूला गाडीने वळायचे. ऊन-सावलीने डोळे फसू नयेत म्हणून त्यांच्यावर छत्रीच्या कापडाचे झाकण आणि आत स्वतःचा एक दिवा. दुसरे, गाडीचा कान. जहाजावर पाण्याची खोली मोजायला आवाज खाली सोडतात आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते पाहतात. तसाच, माणसाला ऐकू न येणारा आवाज साहेबांनी हवेत सोडला. समोर काही असेल तर आवाज परत येईल आणि गाडी थांबेल. तिसरे, वेताच्या दोन लांब काड्या पुढे काढलेल्या. त्या कशाला टेकल्या की मागचे बटण दाबले जाई आणि करंट बंद. त्यांना आम्ही मिशा म्हणत असू.

कानाची परीक्षा आम्ही एका सुट्टीच्या दिवशी घेतली. समोर जांभ्याचा चिरा ठेवला. गाडी हातभर आधी थांबली. पत्रा ठेवला, थांबली. म्हैस उभी केली. कधी थांबली, कधी नाही, ते म्हशीच्या उभे राहण्यावर होते. मांजर तर तिला ऐकूच येईना. मग साहेब म्हणाले, "आता माणूस."

माणूस म्हणजे मी. सकाळची थंडी होती आणि मी घोंगडी पांघरलेली होती. गाडी आली, आली आणि माझ्या नडगीला मिशा लागल्यावर थांबली.

"घोंगडी काढून उभे राहा," साहेब म्हणाले.

"सर्दी होईल."

"क्षणभर."

घोंगडी काढली. गाडी आधीच थांबली. साहेब जमिनीवर मांडी घालून बसले. "मऊ कापड आवाज पिऊन टाकतं," ते म्हणाले. "हिला दगड दिसतो. म्हैस थोडी दिसते. पांघरलेला माणूस दिसत नाही."

"म्हणजे ज्याला चुकवलं नाही तरी चालेल तेवढंच हिला बरोबर दिसतं," मी म्हटले.

साहेबांना राग आला नाही. "शिवरामभाऊ, तुम्ही रोज या," ते म्हणाले.

त्यानंतर साहेबांनी गाडीला एक ब्रेकचा दांडा बसवला. तो मागे ओढला की करंट तुटे आणि चाकाला लाकडी गुटका लागे. त्या दांड्याजवळ एक पाट ठोकला आणि पाटावर मला बसवले. मला वाटेल तेव्हा मी ब्रेक ओढायचा. मला ते फार वेळा वाटे. कधी पुढे मांजर असे, कधी सावली, कधी काहीच नसे. साहेबांनी एकदाही "उगाच का ओढलात?" असे विचारले नाही. "काय वाटलं?" एवढेच विचारत. मी सांगे आणि ते उठून जाऊन पाहत.

कॉम्प्युटरची अडचण अशी होती की त्याच्या डोक्यात जागा फार थोडी. एक नवी गोष्ट शिकवली की जुनी काढावी लागे. साहेबांनी वळताना हॉर्न वाजवायला शिकवले तर गाडी उजवीकडे वळणे विसरली. त्या आठवड्यात आम्ही सगळीकडे डावीकडून गेलो. शेवटी हॉर्न काढला आणि उजवी बाजू परत आली.

साहेबांच्या मनाच्या मोठेपणाविषयी एक प्रसंग लिहिल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. माझ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. घरचे जेवायला गेले की साहेब माझ्याजवळ येऊन बसत. मी दर थोड्या वेळाने विचारी, "समोर कोण आहे?" साहेब न कंटाळता सांगत, "समोर भिंत. डावीकडे तांब्या. दारात नर्सबाई, रागात." एकदा ते बाहेर गेले असताना मला पाणी हवे झाले. मी उठलो आणि पलंगाजवळच उभा राहिलो. साहेब परत आले तेव्हा मी तसाच उभा होतो.

"पुढे का गेला नाहीत?"

"दिसत नव्हतं. दिसत नसताना पाऊल कसं उचलायचं?"

साहेब म्हणाले, "गाडी उचलते." मला पाणी दिले आणि म्हणाले, "रेघ दिसेनाशी झाली की ती आपली तशीच पुढे जाते. मी तिला तसंच शिकवलंय. चूक माझी." त्याच संध्याकाळी त्यांनी गाडीला शिकवले की पांढरे दिसेनासे झाले की जागच्या जागी थांबायचे. माझे डोळे बांधलेले असताना साहेबांनी माझी सेवा केली आणि वर असे दाखवले की मीच त्यांना काहीतरी शिकवले. अशी माणसे कमी असतात.

याच सुमारास शेडवर संकट आले. शाळेला बाके ठेवायला जागा हवी होती आणि अण्णांचे लक्ष शेडवर गेले. अण्णा वाईट मनाचे नाहीत. पण शिमग्यात पालखीपुढे चालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे असल्याने ते जिथे जातात तिथे पुढे चालतात आणि मागे कोण येते हे पाहत नाहीत. ते साहेबांना म्हणाले, "संमेलनाच्या दिवशी गाडी दाखवा. फाटकापासून शेडपर्यंत आपोआप आली तर शेड तुमची. नाही आली तर बाकं आत, तुम्ही बाहेर. आणि गाडी आली की लगेच शाळेतल्या पोरांना बसवून फेऱ्या मारू."

साहेब म्हणाले, "फेऱ्यांना हरकत नाही. ब्रेकवर शिवरामभाऊ हवेत."

"मग आपोआप कसली? पोरं काय म्हणतील? आणि ह्याला कशाला घेता? हा बैलगाडी दिसली तरी बाजूला उभा राहतो."

"आधी दाखवण्याला तरी त्यांना बसू द्या," साहेब म्हणाले.

"दाखवण्याला बसू दे. पोरांच्या फेऱ्यांना उतरवा."

त्या दिवसापासून माझे जेवणावरचे लक्ष उडाले. गाडी चालली नाही तर शेड जाणार आणि संध्याकाळची मुले कुठे बसणार? चालली तर पोरे बसणार आणि दांड्यावर कोणी नसणार. गाडी चालावी की न चालावी, देवाजवळ काय मागावे हेच मला कळेना. साहेबांना म्हटले तर ते म्हणाले, "जे होईल ते तसंच सांगू." मला त्यातून धीर आला नाही.

संमेलनाच्या दिवशी फाटकापासून शेडपर्यंत चुन्याची रेघ ओढली होती. ती झेंड्याच्या खांबापर्यंत सरळ जाई आणि तिथे डावीकडे वळून शेडकडे. सरळ पुढे मांडव होता. त्यात पहिल्या ओळीत माई आणि इतर बायका बसल्या होत्या. मी सकाळपासून सगळी काळजी करून घेतली. गाय बांधून घातली, म्हैस लांब नेली, मांजरांना शाळेमागे बांगड्याची डोकी घातली. वाऱ्याने चुना उडेल म्हणून त्यावर पाणी शिंपडले. कोणीतरी गाडीला झेंडूचा हार घातला तो नेमका डोळ्यांवर लोंबत होता. तो मी वर सरकवला. चाकांखाली लिंबे ठेवली, अण्णांनी नारळ फोडला. आता काही राहिले नाही, असे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आले आणि त्याचीच मला भीती वाटली.

साहेबांनी कॅसेट लावली. किरकिर संपली. "चला," ते म्हणाले आणि त्याच क्षणी अण्णा गाडीपुढे आले.

शिमग्याची सवय. कुठलीही मिरवणूक निघाली की अण्णा तिच्यापुढे. अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे शुभ्र धोतर आणि सदरा. रेघेवर बरोबर मधोमध ते चालू लागले आणि धोतराचा सोगा गाडीच्या डोळ्यांपुढे वितभर अंतरावर हलू लागला.

साहेब बाजूने चालत होते. ते म्हणाले, "अण्णा, जरा रेघ सोडून चाला." पण ढोल चालू होते. गाडी निघाली. इतकी सरळ ती कधीच गेली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खांब आला. रेघ डावीकडे वळली. अण्णा मांडवाकडे सरळ गेले आणि गाडी अण्णांच्या मागून गेली.

मी ब्रेक ओढला. करंट तुटला, पण मांडवाकडे उतार आहे आणि ओल्या चाकावर गुटका सरकत होता. गाडी आपल्या वजनाने चालतच राहिली. सुकाणूची मोटर आणि कॉम्प्युटर वेगळ्या बॅटरीवर होते, ते आपले काम करीत होते. मी ओरडलो, "अण्णा, बाजूला व्हा!" अण्णांनी मागे पाहिले आणि उजवीकडे झाले. गाडी उजवीकडे झाली. अण्णा डावीकडे झाले. गाडी डावीकडे झाली. लोकांना वाटले हा कार्यक्रमाचाच भाग आहे, टाळ्या वाढल्या. ढोलवाल्यांनीही लय वाढवली. अण्णांनी सोगा हातात धरला आणि ते पळू लागले. मी दोन्ही हातांनी दांडा ओढून जवळजवळ आडवा झालो होतो. मांडवाच्या तोंडाशी अण्णा सोग्यात अडकून खाली बसले आणि गाडी त्यांच्या पाठीशी येऊन थांबली. वेताच्या दोन्ही मिशा धोतरात रुतल्या होत्या, पण मऊ कापडात रुतल्यामुळे त्यांचे बटण काही दाबले गेले नव्हते.

ढोल थांबले. मग मागून कोणीतरी ओरडले, "गाडीने अण्णांना ओळखलं! पायाशी येऊन थांबली!"

सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. अण्णा धोतर झटकत उठले. त्यांचा चेहरा हळूहळू खुलला. "ओळखलं मला?" ते म्हणाले. "म्हणजे मशीन पक्कं आहे. वळण चुकलं असेल, पण माणूस कळतो तिला. शेड तुमची. बसवा पोरांना. शिवराम, उतर खाली."

शिक्षकांनी मुलांची ओळ लावायला सुरुवात केली. पुढची दोन मुले माझ्या पाटाला हात लावून उभी राहिली. माझे हात दांड्यावरून सुटत नव्हते. मी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी फक्त गप्प राहायचे होते. शेड मिळाली होती. अण्णांनी सर्वांसमक्ष दिली होती.

साहेब पुढे आले आणि मांडवात शेवटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, गाडीने तुम्हाला ओळखलं नाही. गाडीला तुम्ही दिसलातच नाहीत."

अण्णांचा चेहरा पडला. "मी? दिसलो नाही?"

"नाही. तिच्या डोळ्यांना तुमचं धोतर म्हणजे चुन्याची रेघ वाटली, म्हणून ती मागे आली. कानाला तुम्ही ऐकू आला नाहीत, कारण धोतर आवाज पितं. मिशांना तुम्ही लागला नाहीत, कारण धोतर मऊ आहे. पांढरं दिसलं नाही तर थांब, हे मी तिला शिकवलं होतं. पांढरं फार दिसलं तर काय करायचं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणून तिच्याही नाही."

"मग थांबवली कोणी?"

"शिवरामभाऊंनी. वेळेवर ओढला म्हणून थांबली. नाहीतर तुमच्यासकट मांडवात गेली असती."

अण्णा माझ्याकडे वळले. "तुला बरं सुचलं धोतराचं?"

मला गाय सुचली होती, मांजर सुचले होते, वारा सुचला होता. धोतर सुचले नव्हते. साहेबच म्हणाले, "त्यांना धोतराचं सुचलं नव्हतं. यंत्राला थांबायला एकेक कारण आधी सांगून ठेवावं लागतं. शिवरामभाऊंना घाबरायला कारण लागत नाही. म्हणून मी त्यांना बसवलंय. ते उतरले तर ह्या गाडीत एकही पोर बसणार नाही. शेड घ्यायची तर घ्या."

सगळा मांडव हसला. मीही हसलो, पण माझे डोळे भरून आले होते. ज्या स्वभावापायी मी घरी आणि बाहेर बोलणी खाल्ली, तो इथे कामाचा भाग म्हणून बसवलेला होता आणि चारचौघांत तसे सांगितले गेले होते.

मुलांची ओळ मोडली. शेड गेली असेच सगळ्यांनी धरले. तेवढ्यात पहिल्या ओळीतून माई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ह्या धोतरामागून मी चालत्ये. डावीकडे काय नि उजवीकडे काय. आज त्या गाडीचे हाल बघून बरं वाटलं."

"तू गप," अण्णा म्हणाले.

"गप कशाला? तुम्ही दिसला नाहीत असं तुमच्या तोंडावर सांगणारा माणूस आपल्याकडे दुसरा कोण आहे? राहू द्या त्यांना शेडमध्ये."

"आणि बाकं?"

"बाकं आपल्या पडवीत ठेवा. एवढी मोठी पडवी आहे, तिथे तुमच्या एकट्याच्या खुर्चीशिवाय आहे काय?"

बाके आजही अण्णांच्या पडवीत आहेत. संध्याकाळी अण्णा त्यातल्या एकावर बसून पेपर वाचतात आणि येणाऱ्याला दुसऱ्यावर बसवतात. शेड साहेबांकडे राहिली. मुलांच्या फेऱ्या झाल्या, पण पुढच्या आठवड्यात, गुटक्याला रबर लावून, करंटबरोबर सुकाणूही तुटेल अशी तार जोडून आणि मी दांड्यावर बसल्यावर. पुढे अण्णाही एकदा बसले. रेघेपासून लांब राहून त्यांनी आधी धोतर गुडघ्यापर्यंत खोचले होते.

नंतर मी साहेबांना म्हटले, "आता तिला धोतराचं शिकवा."

साहेब म्हणाले, "शिकवता येईल. पण डावं वळण काढावं लागेल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि धोतर शिकवलं तर उद्या कोणी पांढरा लेंगा घालून येईल. सगळं शिकवून कधी व्हायचं? तुम्ही बसा."

तेव्हापासून मी बसलो आहे. परमुलखात कुठे मोठमोठ्या संस्था अशा गाड्या बनवायच्या मागे आहेत असे साहेबांच्या वाचण्यात येते. ते मला वाचून दाखवतात. त्यांच्याकडे कॉम्प्युटर खोलीएवढे असतील, डोळे चांगले असतील. पण त्यांच्याकडे दांड्यावर कोण बसते, याची मला काळजी वाटते. त्यांना कोणीतरी विचारायला हवे.

साहेबांच्या स्वभावात मला एकच उणीव दिसते, ती या मंगल प्रसंगी प्रेमाने नमूद करतो. त्यांना भीती हा भाग बसवलेलाच नाही. डॉक्टरांनी खारवलेली मासळी बंद करायला सांगितली, ते खातात. ऐन पावसात स्कूटरवरून आरे-वारेच्या उतारावर जातात. मी मागे बसतो आणि वळणावळणाला त्यांचा खांदा दाबतो. दाबला की ते वेग कमी करतात. का दाबलात, हे अजूनही विचारत नाहीत.

मी साहेबांहून वयाने मोठा आहे, म्हणून आशीर्वाद देण्याचा मला अधिकार आहे. परमेश्वर, आणि साहेबांचा अल्ला, त्यांना भरपूर आयुष्य देवो. हात स्थिर राहोत, नजर साफ राहो, संध्याकाळची मुले येत राहोत. परवा मी न राहवून विचारले, "साहेब, माझं वय झालं. मी गेल्यावर ब्रेकवर कोण?"

साहेब सोल्डरिंगमधून मान वर न करता म्हणाले, "मग गाडी बंद."

तेव्हा माझी एवढीच प्रार्थना आहे की साहेबांनी शंभर वर्षे जगावे, आणि त्यांची गाडी चालू राहावी एवढ्यासाठी त्यातले थोडे मलाही मिळावे.